मरणाच्या नियमाचं पान

इंदोरा, नागपूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय धम्मदीप,

सप्रेम जय भीम. आम्ही सगळे बरे आहोत. थंडी पडल्यापासून आईचा गुडघा कुरकुरतो आहे. बाबा रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी खापरखेड्याच्या वीज केंद्राची बस चुकेल अशा घाईनं पहाटे पाचला दाढी करतात.

दहा दिवसांपूर्वी तुझा मेसेज आला तेव्हा मी नाव दोनदा वाचलं. आठ महिन्यांत तू आईशी बोललास, बाबांशी बोललास, माझी खुशाली त्यांच्याकडून घेतलीस. आणि मेसेज काय, तर "ताई, इथं चौघं जमले. आपलेच नियम चालवून राहिलो. मरणाचं पान तेवढं पाठव." ना कशी आहेस, ना काही. तरी मला इतका आनंद झाला की ऑफिसात समोरच्या बाईंना मी चहा पाजला.

सोबत आपल्या नियमांची अख्खी वही उतरवून पाठवते आहे. खेळ चालवणारा गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातली माणसं होऊन फासे टाकतात, एवढं तुझ्या चौघांना येत असेलच. पण आपला खेळ म्हणजे दोन वेगळ्या नियमपुस्तकांची, दोन घरच्या डाळ-तांदळाची खिचडी, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांग. लढाई लाल पुस्तकातली घेतली, कारण ती झटपट होते. तिथं मोठा आकडा पडला की भलं. जादू आणि जखमा निळ्या पुस्तकातल्या, कारण तिथं मंत्राची किंमत अंगावर घ्यावी लागते. तिथं आकडा आपल्या दमापेक्षा, म्हणजे आपल्या माणसाच्या कागदावर लिहिलेल्या ताकदीपेक्षा, लहान पडला की भलं. आपल्या टेबलावर पियूष अजूनही गोंधळतो आणि खुशी त्याला हसते.

मरणाचं पान शेवटी आहे. ते तुझ्याकडे नव्हतं, कारण खेळ चालवताना मी समोर उभा करते त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला ते आतून चिकटवलेलं होतं. तीन वर्षांत कोणी मेलंच नव्हतं, त्यामुळे ते कोणाच्या ध्यानातही नव्हतं. नियम निळ्या पुस्तकातला: दहा तोंडांचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा आणि एक एककाचा, आकडा दमापेक्षा लहान आला तर माणूस वाचला.

आता मार्चमधला तो रविवार आठव.

खेळातला तुझा ढगोबा पुलावरून नदीत पडला. त्याचा दम तीस. तू फासे टाकलेस, सतरा आले. मी म्हणाले, "सतरा. गेला." सगळ्यांनी लगेच मानलं. दोन तास लढाई चालली होती, लहान आकडा म्हणजे वाईट हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. तीन वर्षं सांभाळलेल्या ढगोबाचा कागद तू घडी करून खिशात घातलास आणि "बरं ताई" म्हणालास. चार दिवसांनी नोकरीसाठी हैदराबादला गेलास.

ढगोबा वाचला होता. मी उलटं वाचलं.

इथवर लिहून परवा मी पत्र संपवलं होतं. "गडबडीत चूक झाली" अशी खाली एक ओळ लिहून पाकीटही चिकटवलं. मग ते फाडलं.

चूक नव्हती, धम्मा. पान माझ्या नाकासमोर होतं. त्या दिवशी खेळाला बसायच्या आधी पियूष मला स्वयंपाकघराच्या दारात म्हणाला होता, "ताई, धम्मा हैदराबादले चालला नं? पार्टी कधी देऊन राहिला तो?" त्याला माहीत, खुशीला माहीत, आणि एका भिंतीपलीकडे झोपणाऱ्या बहिणीला पत्ता नाही. माझी कानशिलं तापली. वाटलं, जायचंच आहे ना तुला, मग आधी मीच घालवते. सतरा दिसले. वाचला, हेही दिसलं. आणि मी "गेला" म्हणाले.

मागच्या रविवारी खुशी आणि पियूषला हे सगळं सांगितलं. खुशीनं मला उशी फेकून मारली. "काहून वं ताई? आठ महिने मी त्याच्यासाठी हळहळून राहिली, अन् तो जित्ताच?" पियूष म्हणाला, "मंग काढा नं त्याले नदीतून! वाट कायची पाहून राहिले?" माझा जीव भांड्यात पडला. इतकं हसलो की बाबा पेपर हातात घेऊन खोलीत आले.

त्यांनाही सांगावं लागलं. फासे-बिसे त्यांना कळत नाहीत, पण हे बरोबर कळलं. म्हणाले, "आमच्या कंट्रोल रूममंदी रीडिंग वाचाले चुकलं त माफ होते. जाणूनबुजून खोटं लिहिलं त नाही होत. पण शिफ्ट बदलली का पुढच्याले खरं रीडिंग सांगा लागते, मंग प्लांट वाचते. धम्माले सांगितलं का तू?"

मी नाही म्हटलं.

"मंग मले काहून सांगून राहिली?"

म्हणून हे पत्र. माफ करायचं की नाही ते तू बघ. रागव, पण थेट माझ्यावर रागव, आईच्या फोनमधून नको. आणि तूही मला आधी सांगायला हवं होतंस, हेही लिहून टाकते, नाहीतर मी उगाच फार शहाणी दिसेन. ढगोबाला आम्ही अजून पाण्यातून काढलेलं नाही. तो कोणत्या काठाला लागला, इथल्या टेबलावर की तुझ्या तिथल्या, हे तू ठरव. मी त्यात पडणार नाही.

आज बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आई म्हणे, "काय झालं वं तुले?" काही नाही म्हटलं, पत्र लिहून झालं.

एक राहिलंच. पियूषनं ती बातमी सांगितली तेव्हा रागाच्या आधी, अगदी क्षणभर, मला तुझा अभिमान वाटला होता. तो शब्द मी तोंडाबाहेर पडू दिला नाही. आज पडू देते. नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन, धम्मा. तू जायलाच हवं होतंस.

तुला स्टेशनावर सोडायला न आलेली,
तुझी ताई,
नंदिनी