मोडलेल्या खुर्चीचा खुलासा

ती. मामांना दोन्ही हात जोडून नमस्कार. (साष्टांगाची सूट द्या, दिवसभर यंत्रापाशी उभं राहून माझीही पाठ धरली आहे.) कंबर कशी आहे? शेक घेताय ना? फोनवर तुम्ही "विशेष काही नाही" म्हणालात, पण म्हणताना कण्हलात, तेव्हा खुलासा करणं भाग आहे. मी भेट पाठवलेली प्लास्टिकची खुर्ची तुमच्या वजनानं मोडली नाही. ती आमच्या कारखान्यातल्या नव्या मिश्रणाची होती, आणि ते मिश्रण मीच केलं होतं.

त्याचं असं झालं. आमच्याकडे दोन प्लास्टिकं येतात. दोन्हींचा मालमसाला एकच, फरक फक्त रेणूंच्या घडणीत. एकाचे रेणू लांब आणि सरळ, दुसऱ्याचे जागोजागी फांद्या फुटलेले. साहेब म्हणाले, एकाच घरातली आहेत, घाला एकत्र. मी सांगून पाहिलं, की सरळ काड्यांच्या जुडीत काटेरी फांद्या कोंबल्या तर जुडी बसत नाही. काड्या काड्यांकडे सरकतात, फांद्या आपापसात अडकतात. (हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा साहेब चष्मा पुसत होते.) शेवटी वितळवून मिसळलं. गरम असताना दोन्ही सारखीच नितळ दिसतात, त्यामुळे एकजीव झाल्यासारखं वाटलं. तेवढं पाहून साहेबांनी सही ठोकली आणि खुर्च्या ओतल्यासुद्धा. मीही कंटाळलो होतो, मामा. गार झाल्यावर वाकवून बघायचं राहिलं, आणि हौसेनं पहिली खुर्ची तुम्हाला पाठवली. त्याची फार लाज वाटते.

आता साहेब म्हणतात, मिश्रणात खोट नव्हती, मीच ढवळायला कमी पडलो. सोमवारी चौकशी आहे. त्यांचं खरं ठरलं तर बावीस वर्षांची नोकरी गेली. बाकीच्या खुर्च्या त्यांनी तातडीनं वितळवून टाकल्यात, त्यामुळे दाखवायला माझ्याकडे काहीच उरलेलं नाही.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
दमलेला भाचा

ता. क. खुर्चीचा मोडलेला पाय टाकून दिला नसेल तर लगेच पाठवा. ढवळणं कमी पडलं असेल तर आत गाठी दिसतील. मला खात्री आहे, गार होताना दोन्ही प्लास्टिकं वेगळी होऊन तिथे पापुद्रे सुटलेले असणार, म्हणजे खोट मिश्रणातच.

आणखी एक ता. क. तुम्ही खुर्चीत बसून शांतपणे पेपर वाचत होतात, असं मी चौकशीसाठी लिहून दिलं आहे. तुम्ही खुर्चीवर स्टूल ठेवून, त्या स्टुलावर चढून पंखा पुसत होतात, हे मामींनी मला काल सांगितलं. साहेब सोमवारी सकाळी तुमच्याकडे फोन करणार आहेत. तो तुम्हीच उचला.