दादाच्या ब्रेकचं पेटंट

४ फेब्रुवारी

सात महिने इकडे फिरकले नाही. चुकलंच. दादा गेला आणि लिहिणं नकोसं झालं.

आज वहिनीबरोबर वकिलाकडे गेले. दादाने आईसाठी लेथवर बनवलेला वॉकरचा ब्रेक – हात सुटला की आपोआप चाक धरणारा – एका कंपनीला हवाय. त्यावर वर्कशॉप तगेल, वहिनीही. पण पेटंट गेल्या मे महिन्यातच बंद पडलंय. नूतनीकरणाची फी भरलीच नव्हती!

"पुन्हा चालू होईल," वकील म्हणाले. "फक्त फी मुद्दाम चुकवली नाही, असं प्रतिज्ञापत्र द्या. आजारपण लिहू या."

"लिहा ना! ह्यांना शुद्ध तरी कुठे होती," वहिनी म्हणाली.

मी मनात महिने मोजले. दादा आजारी पडला जूनमध्ये.

५ फेब्रुवारी

माझ्या कपाटातली पिशवी काढली. पेटंट कार्यालयाची तिन्ही स्मरणपत्रं. एकही फोडलेलं नाही.

९ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. दादाच्या सगळ्या कागदांवर पत्ता माझा. "मी लोखंड बघतो, कारकूनबाई, तू कागद बघ." मग आईला कुणी सांभाळायचं यावरून आमचं वाजलं. "तुला नुसती मतं द्यायला येतात," म्हणाला. लागलं मला. खरं होतं म्हणूनच लागलं. मी अबोला धरला.

पाकिटं आली तेव्हा वाटलं – येऊ दे की मागायला! जिना चढून येईल, मी चहा टाकीन, मिटेल सगळं.

आला नाही. फोन आला तो थेट हॉस्पिटलमधून.

आत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं आत्ता लिहिलं होतं. खोडलं. ठाऊक होतं. मग हे मुद्दाम नाही तर काय?

१२ फेब्रुवारी

वहिनीला सांगितलं. ती चादरीची घडी घालत होती. दुसरं टोक मी धरलं होतं, ते तिने माझ्या हातातून काढून घेतलं.

"अबोला कसा धरावा, हे तुम्हा बहीणभावांकडून शिकावं," म्हणाली. मग घडी एकटीनेच पुरी करून – "खरं तेच लिहा, ताई. पण काम होऊ दे."

१३ फेब्रुवारी

मसुदा लिहिला. 'अनवधानाने' हा शब्द चारदा काढला, चारदा घातला.

२० फेब्रुवारी

वकिलांचा फोन. "प्रतिज्ञापत्र आता देता येणार नाही. कार्यालयाच्या फायलीत तुमच्या भावाचाच अर्ज निघालाय. एप्रिलमधला." वाचून दाखवला. दादाने लिहिलंय – मी फी भरणार नाही, ब्रेक ज्याला बनवायचा त्याने खुशाल बनवावा, म्हातारी माणसं पडायची तरी थांबतील. खाली एक ओळ – यापुढे बहिणीच्या पत्त्यावर पत्रं पाठवू नयेत, तिला उगाच घोर लागतो.

उद्या – वर्कशॉप उघडायच्या आत वहिनीला गाठून सांगणे.