एक दिवसाचा परवाना

सावेडी, अहिल्यानगर
१२ जानेवारी २०२५

चि. अपूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. पत्त्यात अहिल्यानगर लिहिलंय, तोंडात अजून नगरच येतं. बाबा मात्र सरकारी कागद निघाला त्या दिवसापासून एकदाही चुकलेले नाहीत. कलेक्टर कचेरीतली छत्तीस वर्षं काही अंगातून जात नाहीत. थंडी कडाक्याची आहे. कामाच्या छबूबाईंनी गावाहून हुरडा आणला होता, बाबांनी तो हावरटासारखा खाल्ला आणि मग ओव्याचा डबा शोधत बसले.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू फोनवर ‘आई’ म्हणालीस की मी आपली भाजीचे भाव सांगायला लागते. म्हणून पत्र.

तर काल मी वाईन शॉपमध्ये गेले होते. हसू नकोस.

तुझ्या लग्नाला जायचं की नाही हे ठरलं नव्हतं, पण द्यायचं काय यावर आमचा आठवडाभर वाद चालू होता. आपल्या घराची रीत तुला माहीतच आहे. बाबा म्हणत होते चांदीची वाटी. मी म्हटलं, वाटी बारशाला देतात. मग मीच म्हणाले, लाल वाईन देऊ या. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

कारण सांगते. तुम्हाला वाटायचं आम्हाला काही कळत नाही. शनिवारी तू आणि गंधार ‘सिनेमा बघतोय’ म्हणून वरच्या खोलीचं दार लावून घ्यायचात आणि रिकामी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, आकाशकंदिलाच्या मागे. अगं, माळा कोण झाडतं? त्यातलीच एक बाटली धुऊन मी तिच्यात मनी प्लांट लावला होता. दोन वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीत होता तो. तू त्याला पाणीसुद्धा घालायचीस!

मी बोलले नाही, कारण बोलले असते तर रागवावं लागलं असतं. पण तुम्हाला आपल्याच घरात लपून एक पेला घ्यावा लागला, याचं आता वाईट वाटतं. तेव्हा नाही वाटलं. तेव्हा उलट बरं वाटायचं, की मुलं अजून आपल्याला भितात. गंधारला जाऊन एप्रिलात चार वर्षं होतील. त्याच्याबरोबर एकदा बसायला काय हरकत होती मला?

असो. दुकान मनमाड रोडला आहे. बाबा रिक्षातून उतरेनात, म्हणून मीच पुढे झाले. काउंटरवरचा माणूस ताडकन उभा राहिला. “बाई, तुमी? हितं?”

मी गार. तो म्हणाला, “मी बन्सी. जामखेडचा. सातवीत ऱ्हस्व-दीर्घासाठी तुमी मला उठाबशा काढायला लावल्या हुत्या.” आता अशा माणसाकडून दारू विकत घ्यायची! पण पोरगा गुणाचा. कोणासाठी, कशाला, एका शब्दाने विचारलं नाही. हजाराच्या आत लाल वाईन दे म्हटल्यावर त्याने आधी पोर्ट काढली. “बायामान्सं हीच नेत्यात, लई गोड आस्ती.” मी म्हटलं, गोड नको, भेट द्यायची आहे, चांगली दे. “म्हंजे ड्राय पायजे.” तेवढ्यात बाबा आत येत होते, ते दारातच थबकले. “आज ड्राय डे आहे?”

मग त्याने दोन बाटल्या समोर ठेवल्या, दोन्ही नाशिककडच्या, आठशे-साडेआठशेच्या. एक शिराझ, एक कॅबर्ने. शिराझचं काळं लेबल बघितलं आणि ओळखलं. माळ्यावरची.

ती हातात धरून मी बराच वेळ उभी होते. हीच न्यावी असं फार वाटलं. मग वाटलं, ही टेबलावर असताना तू त्यांच्याबरोबर सुखाने जेवशील कशी? ही भेट तुला कमी आणि मलाच जास्त झाली असती. मी ती परत ठेवली आणि कॅबर्ने घेतली. बन्सीला विचारलं, कशी आहे? “मी सोता पेत न्हाई बाई. पन नेलेलं गिऱ्हाईक परत तीच मागतं.” मला तेवढी शिफारस पुरली.

पैसे देताना बाबांनी विचारलं, “परवाना?” बन्सी म्हणाला, “साहेब, कोन मागत न्हाई.” पण बाबा कसले ऐकतात! शेवटी एक-एक दिवसाचे दोन परवाने फाडून घेतले. नाव, वय, सही. पाच रुपयांत, मिनिटभरात परवानगी मिळाली.

आणि तुझ्या मेसेजात होतं, ‘आई, तुमची परवानगी असेल तर. माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून सही करायला तुम्ही दोघं आलात तर.’ तुला आई-वडील नाहीत हे माहीत असून मी त्यावर ‘बघू’ एवढंच लिहिलं आणि तीन आठवडे तुला ताटकळत ठेवलं. माझं चुकलं. परवानगी कसली मागतेस बाळा?

घरी आल्यावर बाबांनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. शिराझही त्यांनी गुपचूप घेतली होती. म्हणाले, परवाना आजचाच आहे, वाया का घालवायचा? दिवेलागणीला स्टीलच्या पेल्यांतून दोन-दोन घोट घेतले. कच्च्या जांभळासारखी तुरट लागली. बाबा म्हणाले, यासाठी पोरं दार लावून बसायची होय! आणि आम्ही इतके हसलो. या घरात गंधारवरून कोणी हसलं त्याला चार वर्षं होत आली होती.

तर २४ तारखेला सकाळच्या एसटीने आम्ही येतोय. सहीला आधार कार्डाबरोबर फोटो किती लागतात ते कळव, बाबांनी आठ काढून ठेवलेत. आणि पार्थला सांग, आई बोलायला खडूस आहे, पण मनावर घेऊ नकोस. बघ, लिहिलं त्याचं नाव. इतके दिवस ‘ते’ आणि ‘त्यांना’ करत होते.

गंधार होता तेव्हा तुझ्या वाढदिवसाच्या पाकिटावर मी चि. सौ. लिहायचे. तो गेल्यावर नुसतं चि. लिहायला लागले. तुला ते दिसलं असणार, तू कधी बोलली नाहीस. आज पाकिटावर ‘चि. सौ. कां. अपूर्वा’ लिहिलंय, लग्नपत्रिकेत लिहितात तसं.

मुलीकडची,
आई