चाळिसाव्या दिवशी आलेला वोयिन

ग्राबोवित्सा,
३ डिसेंबर १९७४

चि. वोयिन,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र शाबूत आहे. यंदा प्लमची दारू कडक उतरली आहे. घराच्या संताच्या सणाला, स्लावाला, इतक्या वर्षांनी 'येऊ का?' म्हणून विचारतोस. सांगते. आधी इकडचं ऐक.

तुझी मुलाखत रेडिओवर लागली तेव्हा अर्धं गाव आपल्या चुलीपाशी जमलं होतं. पाद्र्यांची शाळा सोडून बेलग्रेडला कसा गेलास, देव टाकून कम्युनिस्ट पक्षाच्या पोथ्या कशा धरल्यास, मग त्याही कशा सोडल्यास, सगळं ऐकलं. शेवटी म्हणालास, "माणूस आयुष्यभर एकच नसतो. विचार बदलला की आधीचा माणूस मरतो. पाद्री व्हायला निघालेला तो मुलगा केव्हाच मेला." शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई उठली आणि तिने डोक्याला सुतकाचा काळा रुमाल बांधला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिने तुझ्या नावाची मेणबत्ती खालच्या वाळूत खोचली. फादर गाव्रिलो धावत आले. "अहो मिलेवाबाई, ती मेलेल्यांची जागा! जिवंतांची वर लावतात!"

"तो स्वतःच सांगतोय मेलो म्हणून. तुम्ही काय त्याच्याहून शहाणे?"

मला हसू आवरेना. मुलाखतीनंतर चाळिसाव्या दिवशी, मेलेल्यांसाठी करतात तसा, तिने साखर-अक्रोड घालून गहू शिजवला, आजोबांच्या थडग्यावर नेऊन ठेवला. आम्ही दुपारी परतलो तर अंगणात तू लाकडं फोडत होतास. एकोणीस वर्षांचा, पाद्र्यांच्या शाळेच्या काळ्या झग्यात.

"ताई, तुझे केस कधी गं पिकले?" म्हणालास. मी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला.

तेव्हापासून तो इथेच आहे. जेवायला बसतो, घास घेतो, ताट भरलेलंच राहतं. ते अन्न कोंबड्यांना टाकलं तर कोंबड्या लांब पळतात. फादर येऊन आशीर्वाद देतात, पण त्याच्याकडे बघत नाहीत. तू लिहिलेलं पुस्तक त्याने शेगडीपाशी बसून पुरं वाचलं. म्हणाला, "केवढा हुशार माणूस! पण ताई, याला कोणीच नाही का गं?"

मला भीती वाटते, वोयिन. खोटं कशाला बोलू? पण तो प्रार्थना म्हणतो आणि आई हसते. तू गेल्यापासून ती हसली नव्हती. हल्ली मीही हसते, आणि हसल्याची लाज वाटत नाही, याचंच वाईट वाटतं.

स्लावाला आमंत्रण लागत नाही, आणि आलेल्याला दारातून परत पाठवता येत नाही. म्हणून पत्रातच सांगते, येऊ नकोस. तुला बघून तो निघून गेला, तर आई दुसऱ्यांदा सोसणार नाही.

थंडी फार आहे, छाती झाकून फिर. काल त्याने विचारलं, सणाला कोण कोण येणार? मी सगळ्यांची नावं घेतली. तुझं घेतलं नाही.

वोयिनची ताई,
स्तामेना