पाटीवरचा नंबर

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. आज लालबागला गेले होते. आपल्या चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. तळमजल्यावरचा तुमचा दवाखाना नेमका कुठे होता, ते मला ओळखता येईना. रखवालदाराने विचारलं, "कोणाकडे जायचंय, मॅडम?" काय सांगणार? परत फिरले आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

तुमच्याकडे पदवी नव्हती. खोताच्या वाडीतल्या एका ख्रिस्ती डॉक्टरांच्या हाताखाली तुम्ही दात काढायला आणि कवळ्या बनवायला शिकलात, आणि मग गिरणगावात स्वतःची खुर्ची मांडलीत. पुढे कायदा आला. नोंदणी क्रमांक नसेल त्याने दातांचं काम करायचं नाही. पदवी नसलेल्यांसाठी एकच वाट होती. हा माणूस बरीच वर्षं हेच काम करतो, असं कुणा जाणत्या डॉक्टरने लिहून द्यायला हवं होतं. तेव्हा तुम्ही मला बरोबर घेऊन खोताच्या वाडीत गेलात. डॉक्टर अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी तुमचा उजवा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "अरे, याला कसला पुरावा मागतात?" मग उशीला टेकून बसत सही केली. तरीही कचेरीत तुम्हाला किती खेटे घालावे लागले! नंबर आला तेव्हा पेंटरला बोलावून तुम्ही तो पाटीवर नावाखाली काढून घेतलात. आई म्हणाली, "नंबर काय, टांग्यालाही असतो." मी हसले. तुम्ही नाही हसलात. "आता मला कुणी वैदू म्हणणार नाही," एवढंच म्हणालात आणि पाटी वाळेपर्यंत रस्त्यावरच उभे राहिलात.

मग ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. नाक्यावर लाठीमार झालेला आहे, डोळे अश्रुधुराने चुरचुरताहेत, आणि आपल्याच चाळीतल्या, गिरणीत कामाला जाणाऱ्या एका तरुणाला दोघेजण उचलून आणताहेत. त्याचा जबडा लोंबतो आहे. "इस्पितळात न्या," तुम्ही म्हणता. "कसं नेणार? तिथं पोलीस उभे आहेत." तुम्ही दार लावून घेता. मी तसराळं धरून उभी आहे, तुम्ही तारेने त्याचे वरचे-खालचे दात बांधता आहात आणि पुन्हापुन्हा त्याला म्हणता आहात, "झालं रे बाळा, झालं."

पुढच्याच आठवड्यात पोलिसांनी त्याला दगडफेकीत धरून नेलं. जबडा जिन्यावरून पडून मोडला, असं म्हणाले. त्याची बायको कोर्टात दाखवायला तुमच्याकडे दाखला मागायला आली, पोटुशी होती. आई तुम्हाला मोरीपाशी बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, लिहू नका. आपल्याला पोरं आहेत." तुम्ही चिडलात. "मग नंबर मिळवला कशाला? पाटी रंगवायला?" लाठीच्या माराने जबडा मोडला, असं तुम्ही स्वच्छ अक्षरात लिहिलंत आणि सहीखाली नंबर घातलात.

कोर्टात सरकारी वकिलाने तुम्हाला एकच गोष्ट विचारली. पदवी नसताना मोडलेला जबडा बांधायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तुम्ही म्हणालात, "तो रक्त ओकत होता, साहेब." दाखला बाजूला ठेवला गेला. तो तरुण तुरुंगात गेलाच, आणि कुणीतरी केलेल्या तक्रारीवरून तुमचा नंबरही रद्द झाला. पाटीवरचा रंग तुम्ही स्वतः पत्र्याने खरवडलात. मी मदतीला आले तर ओरडलात, "आत जा!" इतक्या जोरात तुम्ही माझ्यावर कधीच ओरडला नव्हतात.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. "आता आपलं सरकार आहे, बघतील," म्हणत तुम्ही पुन्हा अर्ज केलात. कुणी बघितलं नाही. दादरच्या एका डॉक्टरांच्या मागच्या खोलीत तुम्ही मरेपर्यंत कवळ्या घासल्या. बाहेर पाटी त्यांची, नंबर त्यांचा. पेशंटला तुमचं तोंडही दिसत नसे. शेवटी शेवटी तर तुम्ही घरीही बोलेनासे झालात. आई ताट वाढायची आणि तुम्ही त्याकडे बघत बसायचात.

तो तरुण सुटून आला, गावी गेला, पुढे त्याचं काय झालं कळलं नाही. जुन्या चाळकऱ्यांपैकी कुणी भेटलं की अजूनही म्हणतं, "तुझ्या वडलांसारखा माणूस होणे नाही. किती अभिमान वाटत असेल गं तुला!" मी मान हलवते. बाबा, मला अभिमान वाटत नाही. त्या दिवशी तुम्ही आईचं ऐकायला हवं होतं. तो तसाही तुरुंगात गेला असता, आणि माझे वडील मला राहिले असते. हे कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.