कावीळपट्ट्यांची खोकी न उघडण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
वैद्यकीय संशोधन संस्था व संलग्न रुग्णालय

विषय : नवजात शिशू विभागात आलेल्या कावीळपट्ट्या वापरात न आणण्याबाबत.

संदर्भ : १) माझ्या शोधनिबंधांवरील मूल्यमापन समितीचा शेरा.
२) त्या शेऱ्याच्या आधारे निघालेले भांडार विभागाचे परिपत्रक.

महोदय,

अर्जाची सुरुवात 'सविनय' या शब्दाने करायची असते हे मला ठाऊक आहे. परंतु संदर्भ क्र. २ वाचल्यापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली आहे. तेव्हा या अर्जात जेवढा विनय सापडेल तेवढा गोड मानून घ्यावा.

१. मी आपल्या संस्थेच्या जीवरसायन विभागात गेली कित्येक वर्षे हंगामी संशोधक आहे. कायम होण्यासाठी मी माझे शोधनिबंध मूल्यमापन समितीपुढे ठेवले. समितीने शेरा मारला : "निबंधसंख्या समाधानकारक. उल्लेखसंख्या अत्यल्प. परिणाम नगण्य." उल्लेख म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखनात आमच्या निबंधाचा हवाला देणे. जितके हवाले जास्त तितका संशोधक मोठा, असा समितीचा सरळ हिशेब आहे. शेरा विशेषतः माझ्या कावीळपट्ट्यांवरील निबंधाला उद्देशून आहे. त्याचा उल्लेख आजवर दोनदा झाला आणि त्यांतला एक मीच केलेला आहे, हे मी लपवत नाही.

२. सदर पट्टीवर बाळाच्या टाचेतले थेंबभर रक्त टाकायचे आणि रंगावरून कावीळ किती ते वाचायचे, अशी सोय आहे. मोठ्या माणसांच्या रक्तावर ती नीट चालते. नवजात बाळाचे रक्त मुळातच दाट. ते पट्टीवर पसरत नाही, आणि पट्टी कावीळ कमी दाखवते. आमच्या नवजात विभागाच्या मोठ्या सिस्टर तेव्हा येता-जाता करवादत असत की बाळ पिवळंधम्मक दिसतंय आणि ही पट्टी म्हणते सगळं छान, आता मी माझे डोळे काढून ठेवू का. त्यांच्या त्या करवादण्यावरून मी कामाला लागले. प्रत्येक नमुना पट्टीवरही तपासला आणि प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावरही. पट्टी खोटे बोलते हे सिद्ध झाले. वाढलेली कावीळ मेंदूत उतरली की मूल जन्मभर बहिरे होते, हातपाय आखडतात. वेळेवर कळले तर निळ्या दिव्याखाली ठेवून बहुतेक बाळे सुखरूप घरी जातात. सगळा प्रश्न वेळेवर कळण्याचा आहे.

३. निबंध छापून आला आणि आपल्या रुग्णालयाने पट्ट्या बंद केल्या. मग इतर रुग्णालयांतूनही फोन आले की आम्हीही बंद केल्या, आभारी आहोत. विषय संपला. आता मला सांगावे, बंद पडलेल्या वस्तूवर निबंध कोण लिहील? आणि निबंधच नाही तर त्यात माझा हवाला कुठून येणार? हा शेरा मी घरी वाचून दाखवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मग त्या पट्ट्या काय आपोआप बंद झाल्या का गं? समितीत पाच विद्वान आहेत. त्यांपैकी एकालाही हे विचारावेसे वाटले नाही.

४. उलट आमचे विभागप्रमुख पाहावेत. याच पट्ट्यांची तोंडभरून स्तुती करणारा निबंध त्यांचा. त्याचे उल्लेख शेकड्यांनी, कारण पट्ट्या चालू होत्या तोवर ज्याने ज्याने त्यांच्यावर लिहिले, मग तो निबंध चुकीचा म्हणायला का होईना, त्या प्रत्येकाला त्याचे नाव घ्यावेच लागले. मलाही लागले. म्हणजे मी त्यांना खोडून काढले तेही त्यांच्याच खात्यावर जमा झाले! संस्थेने त्यांना 'सर्वाधिक प्रभावी संशोधक' म्हणून गौरवले. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगते कोणाला?

५. मुलाखतीत समितीच्या एका सदस्यांनी मला अगदी मायेने समजावले की बाई, मनाला लावून घेऊ नका, चार जणांचा गट करा, तुम्ही त्यांचा उल्लेख करा, ते तुमचा करतील, सगळे तेच करतात. दुसऱ्यांनी सुचवले की नवजातांचा नाद सोडा, सध्या आतड्यातल्या जंतूंना चांगले दिवस आहेत. तिसरे मोबाइलमध्ये बोटे घालून बसले होते. हे सगळे मी मुकाट्याने गिळले. कायम नोकरीसाठी माणूस बरेच काही गिळतो.

६. परंतु संदर्भ क्र. २ माझ्या घशाखाली उतरत नाही. त्यात म्हटले आहे की, पट्ट्यांवरील बंदी ज्या निबंधावर आधारलेली होती त्याचा 'परिणाम नगण्य' असल्याचे मूल्यमापन समितीने प्रमाणित केल्यामुळे सदर बंदी उठवण्यात येत आहे. मी धावत भांडारात गेले. तेथील अधिकारी शांतपणे म्हणाले की मॅडम, मला विज्ञान कळत नाही, मला शेरा कळतो. खोकी नवजात विभागाच्या कपाटात येऊन पडली आहेत आणि उद्या सकाळी उघडायची आहेत. सुट्टीच्या दिवशी मोठे यंत्र बंद असते. म्हणजे त्या दिवशी एखादे बाळ पिवळे पडले तर त्याच्या आईला तीच पट्टी दाखवून सांगणार, काळजी करू नका, घरी न्या. आणि ती बिचारी हसत घरी नेणार. अहो, तुमच्या शेऱ्यापायी कोणाच्या तरी लेकराचा बळी जाईल, एवढे तरी लक्षात घ्या!

७. सबब मागणी एकच. खोकी न उघडता परत पाठवावीत. त्यासाठी माझा निबंध प्रभावी ठरवण्याची गरज नाही. तो विभागप्रमुखांच्या नावावर करायचा असेल तर तसे करावे, मी लेखी संमती देते. माझा कायम होण्याचा अर्ज मागे घेतला असे समजावे. तेही पुरेसे नसेल तर हंगामी नोकरीही घ्यावी.

८. आणि खोकी उघडलीच, तर पुढे काय होईल हेही नोंदवून ठेवते. एखादे मूल बहिरे होईल. मग चौकशी बसेल. मग कोणीतरी त्या मुलावर निबंध लिहील, आणि त्याला लिहावेच लागेल की हा धोका आधीच दाखवून दिलेला होता. खाली माझे नाव येईल. मग दुसरा लिहील, तिसरा लिहील. माझी उल्लेखसंख्या वाढेल आणि समितीला माझा परिणाम दिसू लागेल.

महोदय, तो उल्लेख मला नको आहे.

उत्तर माझ्या टेबलावर पाठवू नये, तिथे मी नाही. नवजात विभागात त्या कपाटाला खुर्ची लावून बसले आहे, तिथेच द्यावे.

आपली,
(सही)
हंगामी संशोधक, जीवरसायन विभाग

दिनांक : खोकी उघडण्याचा आदला दिवस

सोबत : १) सदर निबंधाची प्रत.
२) न उघडलेल्या खोक्यांचे छायाचित्र.
३) राजीनामा, तारीख न घातलेला.