हेझलच्या कोटांमधला आवाज

प्रिय कोरीन,

अटलांटात थंडी पडली असेल. गळ्याला मफलर गुंडाळतेस ना? काल टीव्हीवर तुला न्यायाधीश झालेली पाहिलं. शेजारची बर्नीस म्हणाली, "एमेट, मागच्या महिन्यात नर्स हीच होती, आणि कार्टूनमधल्या खारीच्या पोराचा आवाजही हिचाच. तुला नेमक्या मुली किती?" मी म्हटलं, एकच, पण तीही वेळेवर जेवत नाही.

तुझी आई हेझल गेली त्या वर्षी तू तिच्या कोटांच्या कपाटात शिरून आवाज रेकॉर्ड करून ऑडिशन्स पाठवायला लागलीस. तिने डेट्रॉइटहून आणलेले ते जाड लोकरी कोट इथे कॅलिफोर्नियात कुणाच्या अंगावर चढणार? पण त्यांच्यात आवाज घुमत नाही म्हणालीस. बोलताना तोंड चिकट वाजू नये म्हणून आधी हिरवं सफरचंद खायचीस, वरून विमान गेलं की थांबायचीस. मला एकच काळजी, आत गुदमरलीस तर? खारीच्या पोराच्या वेळी मी दार ठोठावून ओरडलो, "कोरीन, सूप थंड होतंय, किती वेळा सांगायचं?" तू ते तसंच पाठवलंस. तिकडून निरोप आला, मुलीला घेतलं, आता त्या कुरकुऱ्या म्हाताऱ्यालाही पाठवा, खारीचा आजोबा करू. तू किती विनवलंस. मी म्हटलं, मी आठवीत शाळा सोडलेला, बसचे टायर बदलणारा माणूस, माइकपुढे माझी बोबडी वळेल.

एखादं काम हुकलं की मी म्हणायचो, बँकेत नोकरी बघ. तू म्हणायचीस, "डॅड, नाही म्हणणं त्यांचं काम, परत जाणं माझं." हल्ली ते मी रोज घोकतो.

कोट चर्चला द्यायला बर्नीसने पिशव्या आणल्या होत्या. परत पाठवल्या. म्हटलं, कोट लागणार आहेत.

फोनवर तू विचारलंस, घसा का बसलाय. मी सर्दी सांगितली. सर्दी नाही, गाठ आहे. पुढच्या महिन्यात स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल, आवाज जाईल. घाबरलोय, पण ठरवलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधीच भरपूर बोलून साठवलं तर पुढे यंत्र माझ्याच आवाजात बोलेल. त्यांचा माणूस रेकॉर्ड करून देईल म्हणाल्या, मी नको म्हटलं. तू ये. मला कपाटात बसव, चुकलं की पुन्हा म्हणायला लाव, बाप म्हणून सोडू नकोस. हिरवी सफरचंदं आणून ठेवलीत. सूपचं वाक्य सगळ्यात आधी घेऊ. ते मला पुढेही लागेल.

तुझाच, अजून कुरकुरणारा,
डॅड